फुकट कुणाला म्हणता?

नाशिकच्या मखमलाबाद रस्त्याला एका मळ्यात रविवारची मिसळ खाताना माझ्या शाळासोबत्यानं एक विषय काढला. त्याला तिथंच उत्तर द्यायला हवं होतं. रस्सा गार होईल म्हणून मी गप्प बसलो आणि ते गप्प बसणं मला आठवडाभर टोचत राहिलं. तो सर्जन आहे. वीस-बावीस वर्षं शहरात स्वतःचं हॉस्पिटल चालवतो. हाताला यश आहे, माणूसही आडवा नाही. पण त्या दिवशी पापड मोडता मोडता म्हणाला, “महात्मा फुले योजना म्हणजे फुकट्यांची जत्रा झालीय. गाडीतून उतरतात आणि रेशन कार्ड पुढं करतात. दर सरकार ठरवणार, पैसे सरकारच्या सवडीनं येणार, वर शिव्या आम्ही खायच्या. बंद करा ही योजना आणि सगळा पैसा सिव्हिलला देऊन टाका.” टेबलाभोवतीच्या माना डोलल्या. त्यातल्या एकाला सरकारी नोकरीमुळं औषधपाण्याच्या बिलाची प्रतिपूर्ती मिळते. दुसऱ्याला मुलाच्या कंपनीची मेडिक्लेम पॉलिसी आहे. तिसरा मी. जन्मभर बँकेच्या काउंटरमागं बसलो आणि निवृत्तीनंतर गटविम्याच्या छत्रीत आहे. खरं सांगायचं तर माझीही मान अर्धी हललीच होती.

म्हणून हे उत्तर आधी मलाच आहे, मग त्याला.

पहिली गोष्ट त्या गाडीची. गाडीतून उतरणारा माणूस योजनेवर डल्ला मारायला आलाय, हे आपण गृहीतच धरतो. ते गृहीत जुनं झालं. २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली तेव्हा ती आठच जिल्ह्यांत होती. शेजारच्या धुळ्यात होती, नाशकात नव्हती. आपल्याकडं ती आली २१ नोव्हेंबर २०१३ ला, उरलेल्या सगळ्या महाराष्ट्राबरोबर. तेव्हा अट पिवळ्या किंवा केशरी कार्डाची होती आणि कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचं संरक्षण होतं. २०१७ मध्ये नाव बदलून महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजना झालं. शुभ्र कार्डाच्या शेतकऱ्याला पुढं सवलत मिळाली तीही मराठवाडा-विदर्भातल्या चौदा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांपुरती. निफाडचा कांदेवाला शुभ्र कार्ड घेऊन आला की त्याला परत पाठवलं जायचं, मग त्या वर्षी त्याचा कांदा चाळीत सडलेला असो की रस्त्यावर ओतलेला असो. एप्रिल २०२० मध्ये ही योजना केंद्राच्या आयुष्मान भारतशी जोडली गेली, करोनात मे महिन्यात ती सगळ्यांना खुली केली. २८ जून २०२३ ला मंत्रिमंडळानं ठरवलं की रेशन कार्ड कोणत्याही रंगाचं असो, राज्यातल्या प्रत्येक कुटुंबाला वर्षाला पाच लाख. १ जुलै २०२४ पासून ते लागू आहे. म्हणजे आज जो गाडीतून उतरतो तो चोर नाही, लाभार्थी आहे. सरकारनंच त्याला बोलावलंय. धोरण पटत नसेल तर मंत्रालयाशी भांडा, पेशंटच्या गाडीच्या काचेतून काय डोकावता? आणि सुरगाण्याहून येणारी बोलेरो त्याच्या मालकीची नसते, रात्रीच्या भाड्याची असते, हेही एकदा विचारून बघा.

आता ‘फुकट’ या शब्दाकडं येतो. माझं भांडण मुख्यतः त्याच्याशी आहे.

आमच्या सोसायटीत गाड्या धुणारा पोरगा सुरगाणा तालुक्यातला आहे, गुजरातच्या हद्दीला लागून असलेल्या पाड्यावरचा. त्याचे आईवडील दरसाल दिंडोरीकडं द्राक्षाच्या कामाला येतात. छाटणी, विरळणी, डिपिंग असं एकामागून एक काम बागेत चालूच असतं. राहायला बागेच्या कडेला पत्र्याची खोली. मागच्या हंगामात एका रात्री साडेअकराला त्याचा फोन आला, “आबा, बापाच्या छातीत कळ मारतीय, घाम फुटलाय.” बागाईतदारानं पिकअपमध्ये घालून त्याला शहरात आणलं होतं. हॉस्पिटलच्या दारावर फुल्यांच्या फोटोचा योजनेचा फलक होता. तो बघूनच ते तिथं थांबले.

मी पोहोचलो तेव्हा बाप स्ट्रेचरवर होता आणि पोरगा काउंटरपाशी. काउंटर ही जागा मला नवी नाही. आत बसून बाहेरच्याला ‘उद्या या’ म्हणण्यात माझी पस्तीस वर्षं गेली. त्या रात्री मी बाहेरच्या बाजूला होतो. आतला मुलगा उद्धट नव्हता, उलट अदबीनंच बोलत होता. “योजना आहे ना सर, का नाही? पण आरोग्यमित्र सकाळी नऊला येतात. अप्रूव्हल येईपर्यंत कॅशमध्ये ॲडमिट करून घेऊ. चाळीस हजार डिपॉझिट. अप्रूव्हल आलं की रिफंड.” पोरानं खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली. पिशवीत पिवळं कार्ड, घड्यांवर फाटलेलं. कार्डावर बापाचं नाव जसं गावात म्हणतात तसं, आधारवर त्याच नावाला ‘राव’ चिकटवलेला. काउंटरवरच्या मुलानं बारा अंकी नंबर टाकून पाहिला आणि मान हलवली. “ऑनलाइन दिसत नाहीये. तहसीलला जाऊन करून घ्यावं लागेल.” रात्री बाराला, छातीत कळ असताना, तहसील.

चाळीस हजार बागाईतदारानं भरले. माणूस चांगला, पण हिशेबाचा. पैसे उचल म्हणून लिहिले गेले. ज्यांना उचल माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मजुराला आगाऊ रक्कम द्यायची आणि ती फिटेपर्यंत त्यानं त्याच बागेत राबायचं, असा तो व्यवहार. पैसे भरल्यावर दोन वाजता अँजिओप्लास्टी झाली आणि ती चांगली झाली, हेही लिहिलं पाहिजे. डॉक्टरनं स्वतः बाहेर येऊन पोराच्या खांद्यावर हात ठेवला.

सकाळी आरोग्यमित्र बाई आल्या, हॉस्पिटलात योजनेचे कागद बघणाऱ्या. वय पंचविशीच्या आतलं, एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात कागदांची चळत. त्यांनी खाटेवरच बापाचा फोटो काढला, नावातला ‘राव’ कसा सोडवायचा ते पाहिलं, दोन फोन केले, पोराला शपथपत्राची भाषा लिहून दिली. संध्याकाळी पाचला अप्रूव्हल आलं. रिफंड मात्र चाळीस हजारांचा नव्हता, बारा हजार सहाशेचा होता. बाकीचे कुठं गेले विचारलं तर रात्रीची औषधं आणि तपासण्या ‘मेडिकल’मधून आलेल्या, त्याचं बिल वेगळं. मेडिकल त्याच इमारतीत तळमजल्याला, पण पावतीवर नाव निराळं. हॉस्पिटलनं एक रुपया घेतल्याचा कागद कुठंही नव्हता.

योजनेचा करार वाचा. पॅकेजच्या रकमेत खाट, शुश्रूषा, डॉक्टरची फी, भूलतज्ज्ञ, औषधं, तपासण्या, स्टेंटसारखी आत बसवायची वस्तू, पेशंटचं जेवण, घरी जायचं एक वेळचं भाडं आणि डिस्चार्जनंतर दहा दिवसांपर्यंतची तपासणी एवढं सगळं धरलेलं असतं. परतीचं भाडं मिळतं हे नाशकातल्या किती पेशंटना कुणी सांगितलंय, ते मला पाहायचंय. आणि तातडीच्या पेशंटसाठी दूरध्वनीवरून सूचना देऊन उपचार लगेच सुरू करायची सोय योजनेत पहिल्यापासून आहे. कागद मागून दिले तरी चालतात. त्या रात्री काउंटरवरच्या कुणी ते सांगितलं नाही. मी विचारलं नाही, कारण मलाही ते माहीत नव्हतं. मला ते पुढं त्याच आरोग्यमित्र बाईंनी सांगितलं, इकडंतिकडं बघत, हळू आवाजात.

आता मित्रा, ‘फुकट’ची बेरीज कर. सत्तावीस हजार चारशे रुपये उचलीचे अंगावर. बापाचा हंगाम गेला, आईचे पंधरा दिवस दवाखान्याच्या जिन्यात गेले, पोराच्या गाड्या धुवायच्या राहिल्या. त्याआधी चार दिवस गावाकडच्या डॉक्टरनं गॅस झालाय म्हणून इंजेक्शनं दिली होती, त्याचे पैसे वेगळे. शिवाय विम्याचा हप्ता सरकार भरतं ते काही मुख्यमंत्र्यांच्या खिशातून नव्हे. साबणाच्या वडीपासून मोबाइलच्या रिचार्जपर्यंत हा पोरगा कर भरतोच. तू स्वतः सरकारी मेडिकल कॉलेजात शिकलास. तुझ्या तेव्हाच्या फीत तुझ्या एका वर्षाचाही खर्च निघाला नसेल. त्याला आपण शिष्यवृत्ती म्हणतो, गुणवत्ता म्हणतो. पिवळ्या कार्डाच्या वेळी मात्र शब्द बदलतो.

डिपॉझिटची सवय योजनेच्या पेशंटपुरती आहे असंही समजू नका. मे २०२१ मध्ये याच शहरात एका कार्यकर्त्यानं खासगी रुग्णालयात अंगावरचे कपडे उतरवून ठिय्या दिला होता. विमा असलेल्या पेशंटची अनामत रक्कम परत मिळत नव्हती म्हणून. त्याचा व्हिडिओ नाशकात घरोघरी पाहिला गेला. आपण त्याच्या कपड्यांवर बोललो. ज्याच्याकडं पॉलिसी आहे त्याच्याकडूनही आधी रोख का घेतली जाते, हे विचारायचं राहून गेलं.

माझ्या मते योजनेचा दोष फुकटेपणाचा नाहीच, अर्धवटपणाचा आहे. ती आजाराच्या मधोमध सुरू होते. निदान होऊन, कागद जुळून, अप्रूव्हल येऊन ती दारात उभी राहते तोवर पेशंटचा पहिला खड्डा पडलेला असतो, आणि टाके निघाले की ती निघून जाते. १,३५६ उपचारांची यादी होती, सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळानं ती २,३९९ वर नेण्याचं ठरवलं. यादी कितीही लांबवा, ती ऑपरेशनांची आणि दाखल होऊन घ्यायच्या उपचारांची यादी आहे. माणूस आजारी पडतो तो ओपीडीत. तिथं त्याला यादीत जागा नाही.

एवढं लिहिल्यावर कुणी म्हणेल, मग मित्राचं खरंच आहे की, बंद करा. नाही. तिथंच मी त्याला सोडणार नाही.

कारण त्या पोराचा बाप जिवंत आहे. दहा-पंधरा वर्षांपूर्वी सुरगाण्याच्या पाड्यावरच्या मजुराला हार्ट अटॅक आला तर अँजिओप्लास्टी हा शब्दच त्याच्या आयुष्यात येत नव्हता. कळ मारली, गेला, एवढंच. किडनी गेलेल्या माणसाचं तेच. आज नाशकात आठवड्याला दोन-तीनदा डायलिसिसला येणारी माणसं बघा. सटाण्याची, नांदगावची, येवल्याची. सकाळच्या एसटीनं येतात, चार तास मशिनवर झोपतात, संध्याकाळच्या एसटीनं जातात. स्वतःच्या पैशानं हे वर्षभर करणं शेतमजुराला काय, तुझ्या-माझ्या पगारालाही जड गेलं असतं. घोटीजवळ धामणगावचं एसएमबीटी किंवा आडगावचं डॉ. वसंतराव पवार वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय यांच्या आवारात सकाळी नऊला जाऊन उभं राहावं. इगतपुरी-त्र्यंबकची, पेठची माणसं केसपेपर घेऊन हृदयाच्या विभागाबाहेर बसलेली दिसतात. त्यांच्या आज्यानं तो विभाग पाहिला नव्हता. हे यश आहे आणि ते सरकारी जाहिरातीतल्या आकड्यांहून मोठं आहे.

फसवणुकीचं काय, असं विचारशील. विचार. ऑगस्ट २०२३ मध्ये नियंत्रक आणि महालेखापरीक्षकांचा आयुष्मान भारतवरचा अहवाल संसदेत आला. ७,४९,८२० लाभार्थी एकाच मोबाइल नंबरला जोडलेले सापडले, आणि नंबर कोणता तर नवाच्या आकड्यांची दहाची रांग. आधीच्या उपचारांत मरण पावले म्हणून नोंदलेल्या पेशंटच्या नावावर पुन्हा उपचाराचे दावे मंजूर झालेले निघाले. हसायला येतं, आणि मग येत नाही. पण त्या अहवालात फसवणारा कोण दिसतो? नवांची रांग कुणा आदिवासी बाईनं भरलेली नाही, ती नोंदणीच्या संगणकावर बसलेल्यानं भरली. मेलेला माणूस उठून ॲडमिट होत नाही, त्याचं बिल कुणीतरी करतं. पेशंट स्वतःची अँजिओप्लास्टी करून घेऊ शकत नाही. घोटाळ्याला हात लागतो तो डॉक्टरचा, लॅबचा नाहीतर दलालाचा. बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयांची गोष्ट तुला माहीत आहे. २०१९ मध्ये सरकारनं नेमलेल्या समितीसमोर ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. त्यातल्या बऱ्याच जणींनी कर्ज काढून खासगी दवाखान्यात पैसे मोजले होते. म्हणजे गरज नसलेली सुरी चालायला योजना लागत नाही, नफा लागतो. पैसा सरकारकडून येवो की सावकाराकडून. म्हणूनच योजनेतल्या १,३५६ उपचारांपैकी ११९ फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखून ठेवले गेले. ती सावधगिरी पेशंटबद्दलच्या अविश्वासातून आलेली नाही, तुमच्या व्यवसायाबद्दलच्या अनुभवातून आलेली आहे.

दरांच्या बाबतीत मात्र मी मित्राच्या बाजूला बसतो, निदान निम्म्या खुर्चीवर. पॅकेजचे दर वर्षानुवर्षं हलले नाहीत हे खरं आहे. औषधं, पगार, विजेचं बिल सगळं वाढलं. दाव्याला ‘क्वेरी’ पडते, कधी एक्स-रेची तारीख पुसट म्हणून, कधी डिस्चार्ज कार्डावर सही तिरकी म्हणून, आणि पैसे महिनोन्महिने अडकतात. मोठं ट्रस्टचं हॉस्पिटल ते पचवतं, वीस खाटांचं पचवत नाही. विमा कंपनी आणि राज्य आरोग्य हमी सोसायटी यांनी उशिराच्या दिवसागणिक व्याज द्यावं, असं मी मित्राबरोबर उभं राहून मागायला तयार आहे. पण दर परवडत नाहीत म्हणून पेशंटकडून वरचे घ्यायचे, हा हिशेब कुठून आला? योजनेत येणं सक्तीचं नाही. फलक लावायचा, फलक बघून माणसं यायची, त्यांच्यामुळं कॅथलॅब रिकामी राहत नाही, कर्जाचा हप्ता निघतो, आणि मग काउंटरवर त्यांनाच सांगायचं की परवडत नाही. परवडत नसेल तर फलक उतरवा. प्रत्येक विभागातल्या २५ टक्के खाटा योजनेसाठी ठेवायच्या असं ठरलेलं असताना ‘योजनेची खाट शिल्लक नाही, कॅशची आहे’ हे वाक्य ज्या दाराआड ऐकू येतं, त्या दाराची कीव मला येत नाही. आणि परवडण्याचं रडगाणं जुनं आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्रानं औषध सोडणाऱ्या स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपयांवर बांधली तेव्हाही हृदयाचे विभाग बंद पडतील अशी भीती घातली गेली. नाशकात त्यानंतर किती कॅथलॅब नव्या उघडल्या, तुझ्याच गंगापूर रोडवर मोज.

आणि दरांवरून भांडताना योजनेच्या टेबलाशी बसलेल्या मुलीचा पगारही मोजा. आरोग्यमित्र सरकारी नोकर नाही, कंत्राटी आहे. सगळी योजना तिच्या मोबाइलवर चालते. पेशंटच्या शिव्या तिला, हॉस्पिटलच्या भुवया तिच्याकडं, वरून डेटा भरला नाही म्हणून फोन तिलाच. २०२५ मध्ये राज्यभरातले आरोग्यमित्र पगारासाठी संपावर गेले तेव्हा कुठं अनेकांना कळलं की अशी माणसं असतात. रात्रीच्या पाळीला आरोग्यमित्र असता तर त्या पोराची उचल वाचली असती. पाच लाखांच्या जाहिरातीच्या एका फलकात किती रात्रपाळ्या बसल्या असत्या, याचं गणित मी बँकवाला असून करत नाही, रक्तदाब वाढतो.

राहिला सिव्हिलचा मुद्दा. “सगळा पैसा सिव्हिलला द्या.” हे वाक्य खासगी डॉक्टरच्या तोंडी फार गोड वाटतं आणि अर्धं बरोबरही आहे. पण हे म्हणणाऱ्यानं त्र्यंबक रोडच्या सिव्हिलमध्ये शेवटचं पाऊल कधी ठेवलं? बहुतेकांचं उत्तर इंटर्नशिप. शालिमारचं विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय हे हृदय, किडनी, कॅन्सर यांसाठीच उभारलेलं सरकारी रुग्णालय आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून सगळं मोफत झालं, त्यात संदर्भही आलं. आणि तिथंही ही योजना चालते. सरकारी रुग्णालयानं योजनेतलं ऑपरेशन केलं की दाव्याचे पैसे त्या रुग्णालयाला मिळतात, त्यातून साहित्य घेता येतं, कर्मचाऱ्यांना भत्ता देता येतो. म्हणजे योजना की सिव्हिल असा सवालच खोटा आहे. योजनेचा जास्तीत जास्त पैसा सिव्हिलकडं आणि संदर्भकडं वळला पाहिजे, असं तू म्हणाला असतास तर मी दुसरी मिसळ मागवली असती.

पण विम्याच्या पैशानं सगळं होत नाही, हेही या शहराइतकं कुणाला ठाऊक असावं? २१ एप्रिल २०२१ ला महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीची गळती झाली आणि त्या एका दिवसात बावीस माणसं गेली. टाकी होती, खाटा होत्या, व्हेंटिलेटर होते. नळीतला दाब गेला. कोणत्याही विमा योजनेच्या यादीत टाकीच्या व्हॉल्व्हची देखभाल हा उपचार नसतो. त्याला अर्थसंकल्प लागतो, भरलेली पदं लागतात, रोज जाऊन बघणारा माणूस लागतो. ती जबाबदारी सरकारनं विमा काढून टाळायची आणि खासगीवाल्यांनी ‘सिव्हिलला द्या’ म्हणून टाळायची, हा दोघांचा मिळून झालेला समझोता आहे. सुरगाण्याचा माणूस त्यात कुठंच नाही. डिसेंबर २०२२ मध्ये सुरगाण्याच्या सीमेवरच्या गावांनी ‘आम्हाला गुजरातला जोडा’ म्हणून मागणी केली. रस्ते, पाणी आणि दवाखाना, हीच तक्रार होती. मुंबईतून बघणाऱ्यांना ते राजकारण वाटलं. त्या पाड्यावरून नाशिक नव्वदेक किलोमीटर, घाटातून. धरमपूर-वलसाड जवळ. आजारी माणूस भाषावार प्रांतरचना बघत नाही. केंद्राच्या जुन्या यादीत नाव असेल तर आयुष्मानचं कार्ड गुजरातेतही चालतं. नाव नसेल आणि फक्त राज्याचा लाभ असेल तर नदी ओलांडली की कार्ड नुसतं पुठ्ठ्याचं.

मित्राला मी हे सगळं फोनवर सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “ते तातडीच्या फोनचं काय म्हणालास? आमच्या काउंटरवर कुणाला माहीत नाही बहुतेक.” मी म्हटलं, लिहून लाव. “लावतो,” म्हणाला. लावलं की नाही ते मी अजून जाऊन पाहिलेलं नाही.

परवा गाड्या धुणारा पोरगा बापाला घेऊन आला होता. उचल फेडायला ते पुन्हा त्याच बागेत आहेत, छाटणी सुरू झालीय. बाप बरा दिसत होता, थोडा वाळलेला. पायऱ्या चढून आला आणि दम लागला नाही, हे त्यानं स्वतःच दोनदा सांगितलं. मी गोळ्या विचारल्या. त्यानं बंडीच्या खिशातून पट्टी काढली. रक्त पातळ करायची गोळी, दहाची पट्टी, रोज एक. पट्टी घेतल्याची तारीख पोराला पाठ होती, बारा दिवस झाले होते. पट्टीत चार गोळ्या शिल्लक होत्या.

“एक दिवसाआड घेतो आबा,” तो म्हणाला. “सिव्हिलला फुकट मिळते म्हणत्यात, पण तिथं जायचं तर रोज बुडतो. आता दुखत तर नाही ना काही.”